सरकारचा मोठा वकील कोण, आणि त्याच्यापर्यंत आपला कागद जातो कसा

(तालुक्याच्या कार्यकर्ता शिबिरात दुसऱ्या दिवशी केलेलं भाषण. बोललं तसंच लिहून काढलं आहे. मध्ये लोकांनी विचारलेले प्रश्नही ठेवले आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाड्यावर वाचून दाखवावं.)



सकाळी चहाच्या वेळी दोघातिघांनी मला विचारलं, की वनहक्काचं चालू असताना हे नवीन काय काढलं? विषयाचं नावच तोंडात बसत नाही. महाधिवक्ता. बारावीपर्यंत मी पण हा शब्द एकदाच बघितला होता, एक मार्काच्या प्रश्नात. महाधिवक्त्याची नेमणूक कोण करतो? उत्तर, राज्यपाल. मार्क मिळाला, विषय संपला.

संघटनेत आल्यावर हायकोर्टाच्या कामाचे कागद हातात यायला लागले. पहिल्या पानावर वर आपल्या माणसांची नावं असतात, मग "विरुद्ध" लिहिलेलं असतं, आणि खाली "महाराष्ट्र शासन". आता शासन म्हणजे काय हाडामांसाचा माणूस नाही. ते कोर्टात येऊन उभं राहत नाही. त्याच्या वतीने काळा कोट घातलेला कोणीतरी उभा राहतो आणि म्हणतो, "शासनाचं म्हणणं असं आहे." अशा सगळ्या काळ्या कोटवाल्यांच्या वर जो असतो तो महाधिवक्ता. पेपरात हे नाव येतं, वकील लोक त्याला नुसतं एजी म्हणतात. आपल्या वरकस जमिनीबद्दल, आपल्या एकसाली प्लॉटबद्दल, आपल्या जंगलाबद्दल हायकोर्टात "शासनाचं म्हणणं" म्हणून जे बोललं जातं, ते त्याच्या नावाखाली बोललं जातं. म्हणून हा विषय आपला आहे.

आधी सोपं करून सांगतो. पाड्यात दोन घरांचं भांडण झालं आणि पंच बसले, की घरातले सगळे एकदम बोलत नाहीत. एक बोलका माणूस पुढे करतात. तो स्वतःचं काही बोलत नाही, घराचं बोलतो. पण शहाणा असेल तर पंचांपुढे जायच्या आधी घरात बसवून सांगतो, "बाबांनो, ह्या गोष्टीत तुमची चूक आहे, इथे ताणू नका, देऊन टाका." महाधिवक्त्याची हीच दोन कामं. घरात बसून खरा सल्ला द्यायचा, आणि पंचांपुढे घराची बाजू मांडायची. पहिलं काम कोणाला दिसत नाही. दुसरं पेपरात येतं. माझ्या मते पहिलंच मोठं आहे.

राज्यघटनेचं कलम १६५ ह्याच्याबद्दल आहे. लिहून घ्या, एकशे पासष्ट. हायकोर्टाचा न्यायाधीश व्हायला जी पात्रता लागते ती असलेल्या माणसाला राज्यपाल महाधिवक्ता नेमतात. म्हणजे हायकोर्टात निदान दहा वर्षं वकिली, नाहीतर दहा वर्षं न्यायाधीशाची नोकरी. त्याने राज्य सरकारला कायद्याचा सल्ला द्यायचा, आणि राज्यपाल कायद्याचं जे काम सोपवतील ते करायचं. त्याची मुदत ठरलेली नाही. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत तो राहतो. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सांगण्यावरून चालतात, म्हणून सरकार बदललं की हा माणूसही बहुतेक बदलतो. कलम १७७ प्रमाणे तो विधानसभेत आणि विधान परिषदेत जाऊन बोलू शकतो, समितीवर घेतलं तर तिथेही बोलू शकतो, पण मत देऊ शकत नाही. केंद्र सरकारचा असाच एक वकील असतो, त्याचं कलम ७६. त्याला मराठीत महान्यायवादी म्हणतात. नावं सारखी वाटतात, गोंधळ करू नका. एक दिल्लीचा, एक मुंबईचा.

आणखी एक गोंधळ आपल्याकडे फार होतो. फॉरेस्टची केस लागली, की तालुक्याच्या कोर्टात जो सरकारी वकील आपल्याला उलटसुलट विचारतो, त्यालाच आपण सरकारचा वकील समजतो. तो अभियोक्ता. त्याचं काम फौजदारी खटल्याचं. जमिनीचा दिवाणी दावा जिल्हा कोर्टात चालला तर तिथे जिल्हा सरकारी वकील असतो. हायकोर्टात सरकारी वकिलांचं मोठं ऑफिस असतं. आपल्या भागाचं काम मुंबईला जातं, नंदुरबार-धुळ्याकडचं औरंगाबाद खंडपीठात, गडचिरोली-चंद्रपूरचं नागपूरला. तिथे रोज शेकडो कामं असतात, ती हेच वकील बघतात. महाधिवक्ता स्वतः उठून उभा राहतो ते मोठ्या कामात, म्हणजे एखादा कायदाच घटनेला धरून आहे की नाही असा प्रश्न असेल, किंवा सगळ्या राज्यावर परिणाम होणार असेल तेव्हा. आपल्या एका प्लॉटसाठी तो येणार नाही. पण आपल्यासारख्या हजारो प्लॉटचा प्रश्न एकदम आला तर येऊ शकतो.

इथे मागच्या बाजूने एका मावशीने विचारलं: "सरकार आपण मत देऊन निवडलं. मग सरकारचा वकील तो आपलाच वकील ना?"

मावशीचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर कडू आहे. नाही. तो आपल्याला सल्ला देत नाही. आपण त्याच्याकडे जाऊन "साहेब, माझा दावा बघा" म्हटलं तर तो बघू शकत नाही, कारण त्याचा पक्षकार राज्य आहे. राज्याविरुद्ध उभं राहणाऱ्याचं वकीलपत्र त्याला घेता येत नाही. आपल्याला वकील पाहिजे तर त्याची वेगळी सोय आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, त्याच्या कलम १२ मध्ये अनुसूचित जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. उत्पन्नाची अट नाही. जातीचा दाखला घेऊन जायचं, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. आपले लोक घर गहाण टाकून वकिलाची फी भरतात आणि ह्या खिडकीवर जात नाहीत. हा वेगळा विषय आहे, संध्याकाळी बोलू.

पण मावशी, तुमच्या प्रश्नात एक खरी गोष्ट आहे. त्याचा पक्षकार राज्य आहे. मंत्री नाही, वनखातं पण नाही. राज्य म्हणजे वनखातं जसं आहे, तसं आदिवासी विकास खातंही आहे. राज्य म्हणजे पाचव्या अनुसूचीतले राज्यपालही आहेत. वनहक्क कायदा संसदेने केला, त्याची अंमलबजावणी करायची जबाबदारी त्याच राज्यावर आहे. मग एखाद्या कामात वनखातं म्हणतं "ह्यांना काढा" आणि कायदा म्हणतो "ह्यांचा दावा पूर्ण तपासून होईपर्यंत काढू नका", तर राज्याच्या वकिलाने कोणाचं बोलायचं? ह्याच जागी महाधिवक्त्याची परीक्षा होते. तो वनखात्याच्या फाइलीतलं वाचून दाखवू शकतो, किंवा सरकारला कळवू शकतो, की कलम ४(५) मध्ये चौकशी आणि मान्यता पूर्ण झाल्याशिवाय बेदखल करायचं नाही असं साफ लिहिलंय, ही बाजू मला कोर्टात टिकवता येणार नाही. त्याचा सल्ला सरकारवर बंधनकारक नाही. पण तो लेखी असतो, फाइलीत राहतो. आणि कोर्टात सरकारच्या वतीने तो जे निवेदन करतो, "आम्ही ह्या लोकांना अमुक तारखेपर्यंत हात लावणार नाही" असं, ते न्यायाधीश लिहून घेतात. मग सरकारला ते पाळावं लागतं.

हे पद किती वजनाचं आहे त्याची एक जुनी गोष्ट. एच. एम. सीरवाई नावाचे वकील १९५७ पासून १९७४ पर्यंत ह्या पदावर होते. आधी मुंबई राज्याचे, मग महाराष्ट्राचे. सतरा वर्षं. घटनेवरचं त्यांचं पुस्तक वकील लोक अजून काढून बघतात. केशवानंद भारतीचा मोठा खटला तुम्ही ऐकला असेल. तो सुरू झाला केरळच्या जमीन सुधारणा कायद्यावरून, एका मठाच्या जमिनीवरून. म्हणजे मुळात जमिनीचंच भांडण. तेरा न्यायाधीश बसले. मठाच्या स्वामींच्या बाजूने मुंबईचे नानी पालखीवाला, आणि केरळ सरकारच्या बाजूने महाराष्ट्राचे हे सीरवाई. सीरवाईंचं म्हणणं, संसदेला घटना हवी तशी बदलता येते. १९७३ साली निकाल लागला सात विरुद्ध सहा असा, की बदलता येते पण घटनेचा मूळ ढाचा मोडता येत नाही. पुढे आणीबाणी आली आणि गेली, तेव्हा सीरवाईंनी स्वतःच आपलं मत बदललं आणि तो निकाल बरोबर होता असं लिहिलं. मला ही गोष्ट आवडते. सरकारची बाजू मांडणं वेगळं आणि स्वतःचं डोकं सरकारकडे ठेवून देणं वेगळं.

उलटं उदाहरण अलीकडचं आहे. मार्च २०१६ मध्ये महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी वेगळ्या विदर्भाबरोबर मराठवाड्याच्या वेगळ्या राज्याचं बोलून दाखवलं. विधिमंडळात गदारोळ झाला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांचं म्हणणं बरोबर की चूक, त्यात मी जात नाही. सांगायचं एवढंच, की ही खुर्ची मर्जीवर आहे. मर्जीवरची खुर्ची कधी माणसाला गप्प बसायला शिकवते, हे आपण सरपंचापासून वरपर्यंत बघतोच.

आता मुख्य गोष्ट. महाधिवक्ता असो की त्याच्या हाताखालचा वकील असो, मुंबईत बसून त्याला आपला पाडा माहीत नसतो. त्याने नाचणी-वरईचं माळ बघितलेलं नसतं. मग तो काय बोलतो? जे खालून लिहून येतं ते. ही साखळी समजून घ्या, मी फळ्यावर काढतो.

आपण हायकोर्टात अर्ज केला. त्याची एक प्रत सरकारी वकिलाच्या ऑफिसात जाते. तिथून मंत्रालयात संबंधित खात्याला पत्र जातं, "परिच्छेदनिहाय अभिप्राय पाठवा." म्हणजे अर्जात एक, दोन, तीन असे जे मुद्दे आहेत, त्या प्रत्येकावर खात्याचं म्हणणं काय ते लिहा. खातं ते कलेक्टरला पाठवतं. कलेक्टर प्रांताला. प्रांत तहसीलदाराला आणि रेंजरला. तहसीलदार सर्कलला, सर्कल तलाठ्याला. रेंजर राऊंडला, राऊंड गार्डला. म्हणजे मुंबईत उठलेला प्रश्न सात पायऱ्या उतरून त्याच गार्डकडे येतो, ज्याने आपल्या शेतात रोपांचे खड्डे मारले होते. तो काय लिहिणार? "सदर इसमाने अतिक्रमण केले आहे." तेच वाक्य परत सात पायऱ्या चढतं. वर जाताना त्याला शुद्ध भाषा मिळते, शिक्के मिळतात, जावक क्रमांक मिळतो. शेवटी एखादा उपजिल्हाधिकारी नाहीतर वनाधिकारी शपथेवर सही करतो आणि सरकारी वकील उभा राहून म्हणतो, "शासनाचं म्हणणं आहे की अर्जदार अतिक्रमणदार आहे." वाक्य गार्डचं, आवाज महाराष्ट्र शासनाचा.

आमच्या बाजूच्या पाड्यावरच्या एका आजीच्या दाव्याचं सांगतो, नाव घेत नाही. आजीचं लग्न होऊन ती ह्या पाड्यात आली तेव्हापासून ती तोच तुकडा करते. दाव्याला वयस्कर माणसाचा जबाब जोडला होता, बांधाचा पंचनामा जोडला होता, ग्रामसभेचा ठराव होता. तरी उपविभागीय समितीच्या कागदावर एक ओळ आली, "सन २००५ पूर्वीचा पुरावा नाही." स्थळपाहणीला कोणी आलं होतं का? नाही. पण पाहणीचा अहवाल फाइलीत आहे. आता हा दावा उद्या हायकोर्टात गेला, तर सरकारी वकिलाच्या हातात ती एक ओळ आणि तो अहवाल असेल. आजीचा बांध त्याच्या हातात नसेल. तो वकील कितीही चांगला माणूस असला तरी त्याला खरं कळायला दुसरा रस्ता आपण ठेवलेला नाही.

म्हणून मी म्हणतो, की कोर्टातली लढाई ग्रामसभेच्या वहीत सुरू होते. वनहक्काच्या नियम १३ मध्ये पुरावे कोणते चालतात ते दिलंय. सरकारी कागद चालतो, तसं घर, झोपडी, बांध, सपाट केलेली जमीन हेही चालतं. जुनी विहीर, मसण, देवाचं ठिकाण चालतं. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो. एकच कागद पाहिजे म्हणून कोणी अडवलं तर ते नियमाविरुद्ध आहे. २०१२ साली नियमात १२-अ घातला. त्याप्रमाणे दावा फेटाळायचा असेल तर कारण लिहायचं, ते दावेदाराला प्रत्यक्ष कळवायचं, आणि त्याला साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागायला मोकळीक द्यायची. त्याचं ऐकून घेतल्याशिवाय त्याच्या विरुद्ध निकाल द्यायचा नाही. आपल्यातल्या किती जणांना असं लेखी कारण हातात मिळालं? हात वर करा. (चार हात वर झाले.) बघा. ह्या शिबिरात दीडशेच्या वर माणसं आहेत.

ह्याने काय होतं ते २०१९ ला सगळ्या देशाने बघितलं. वनहक्क कायद्याविरुद्ध काही वन्यजीव संस्थांनी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. १३ फेब्रुवारी २०१९ ला कोर्टाने राज्यांच्या मुख्य सचिवांना विचारलं, की ज्यांचे दावे शेवटपर्यंत फेटाळले गेले त्यांना अजून काढलं का नाही? आणि २४ जुलैच्या तारखेपर्यंत काढा असं सांगितलं. देशभरात दहा लाखांवर दावे फेटाळलेले होते. एका दाव्यामागे एक घर धरा, मग माणसं किती ते तुम्हीच मोजा. कोर्टाला हे आकडे कुठून मिळाले? राज्यांनीच शपथपत्रात दिले. आकडा दिला, पण त्या आकड्यामागे किती जणांना नोटीस दिली, किती जणांचं ऐकलं, किती ठिकाणी ग्रामसभेला डावलून निर्णय झाला, हे कोर्टापुढे नव्हतं. कायदा वाचवायला केंद्राच्या वकिलाने जेवढं बोलायला पाहिजे होतं तेवढं तो बोलला नाही, अशी टीका तेव्हा देशभर झाली. मग ठिकठिकाणी लोक रस्त्यावर आले, आपणही गेलो होतो. २८ फेब्रुवारीला केंद्राचे सॉलिसिटर जनरल कोर्टात उभे राहिले, आदेश थांबवायची विनंती केली, आणि कोर्टाने तो थांबवला. राज्यांना सांगितलं, आता दावे कोणत्या पद्धतीने फेटाळले ते शपथेवर सांगा.

पंधरा दिवसांतल्या ह्या दोन तारखा नीट बघा. कायदा तोच, कोर्ट तेच, लोक तेच. पहिल्या तारखेला कोर्टापुढे नुसता आकडा होता. दुसऱ्या तारखेला सरकारच्या वकिलाने तोंड उघडलं. ते त्याने आपल्या मनाने उघडलं असं मला वाटत नाही. मोर्चे निघाले, गाजावाजा झाला, सरकारला निवडणूक दिसत होती. पण शेवटी आदेश थांबला तो वकील बोलल्यावरच. मोर्चा वकिलाला बोलायला लावतो, कोर्टात बोलतो वकीलच. तो खटला अजून संपलेला नाही. महाराष्ट्राच्या शपथपत्रात आपल्या तालुक्याचं काय जातं, ते अजून आपल्या हातात आहे.

सरकारचा वकील नेहमी आपल्या विरुद्धच असतो असंही समजू नका. १९७४ चा कायदा आहे, आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळात बिगर आदिवासीने घेतलेली आदिवासीची जमीन, आदिवासी ती स्वतः कसणार असेल तर त्याला परत द्यायची, आणि त्याने आकाराच्या अठ्ठेचाळीस पट रक्कम आणि सुधारणांची किंमत हप्त्याहप्त्याने भरायची. बिगर आदिवासी मालक ह्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले. म्हणाले, आमचा मालमत्तेचा हक्क गेला, आमच्यावर अन्याय झाला. तेव्हा कायद्याच्या बाजूने, म्हणजे आपल्या जमिनीच्या बाजूने, महाराष्ट्र सरकारच उभं होतं. हायकोर्टात कायदा टिकला. सर्वोच्च न्यायालयातही १९८४ साली लिंगप्पा पोचन्ना खटल्यात टिकला. आपल्या कितीतरी घरांनी ह्या कायद्याखाली जमिनी परत घेतल्या, काहींनी घेऊन परत गमावल्या, ते वेगळं. पण त्या दिवशी कायदा पडला असता तर घ्यायलाच काही उरलं नसतं. कायदा करणं जेवढं मोठं, तेवढंच तो कोर्टात टिकवणं मोठं. टिकवायचं काम ह्या वकिलांचं.

इथे एका पोराने विचारलं: "कोर्टाने स्टे दिला तरी फॉरेस्टवाले खड्डे मारतात. तेव्हा महाधिवक्त्याकडे जायचं का?"

नाही, आणि हे नीट ऐक, कारण ह्यात लोकांना फसवतात. कोर्टाचा अवमान दोन तऱ्हेचा. एक, कोर्टाचा हुकूम मुद्दाम मोडला, तो दिवाणी अवमान. त्याला महाधिवक्त्याची परवानगी लागत नाही. आपला वकील सरळ कोर्टात अर्ज करू शकतो. दुसरा, कोर्टाची बदनामी केली किंवा न्यायाच्या कामात आडवं घातलं, तो फौजदारी अवमान. त्याच्यासाठी १९७१ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे सामान्य माणसाला आधी महाधिवक्त्याची लेखी संमती घ्यावी लागते. उगाच कोणी उठून कोणालाही कोर्टात खेचू नये म्हणून ही चाळणी ठेवली आहे. खड्ड्याचं प्रकरण पहिल्या तऱ्हेचं. पण लक्षात ठेव, एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. आणि स्टेची नक्कल खिशात पाहिजे, खड्डे मारतानाचा तारखेसकट फोटो पाहिजे, आणि गार्डला नक्कल दिल्याची पोच पाहिजे. पोच नसेल तर तो म्हणेल मला हुकूम माहीतच नव्हता.

नोटिशीचंही सांगून ठेवतो. सरकारवर दिवाणी दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस लागते, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८०. ती सचिवाला किंवा आपल्या कलेक्टरला द्यायची. लोक ही नोटीस म्हणजे नुसता उपचार समजतात. मला वाटतं ती आपली संधी आहे. आपलं म्हणणं सरकारच्या फाइलीत पहिल्यांदा आपल्या शब्दांत जातं ते तिथेच. म्हणून ती वकिलावर सोडू नका. त्याच्याशेजारी बसा. बांधाचं माप, विहिरीचं साल, मसणाची जागा त्यात आली का बघा. उद्या परिच्छेदनिहाय अभिप्राय लिहायला बसलेल्या कारकुनाला त्या प्रत्येक गोष्टीवर काहीतरी लिहावंच लागेल.

राहिलं राज्यपालांचं. पाचव्या अनुसूचीत राज्यपालांना अनुसूचित क्षेत्रासाठी वेगळे अधिकार आहेत. एखादा कायदा इथे लागू करू नये किंवा बदल करून लागू करावा असं ते जाहीर करू शकतात. नुसतं पुस्तकातलं नाही हे. १८ मे २०२० ला महाराष्ट्राच्या राज्यपालांनी वनहक्क कायद्यात अनुसूचित क्षेत्रापुरता असा बदल केला, की जिल्हा समितीने दावा फेटाळला तर विभागीय समितीकडे अपील करता येईल. आधी जिल्हा समितीचा निर्णय म्हणजे शेवट होता. आणि महाधिवक्त्याला कायद्याचं काम सोपवायचा अधिकार कलम १६५ मध्ये कोणाच्या नावाने आहे? ह्याच राज्यपालांच्या. मग आपण त्यांच्याकडे मागणी करू शकतो, की एका प्रश्नावर महाधिवक्त्याचं लेखी मत घ्या. प्रश्न असा: ज्यांना नियम १२-अ प्रमाणे कारण कळवलं नाही, त्यांचा दावा "शेवटपर्यंत फेटाळला" असं राज्य शपथेवर म्हणू शकतं का?

ते मत घेतील की नाही मला सांगता येत नाही. घेतलं तर उघड करतील की नाही तेही सांगता येत नाही. मंत्रिमंडळ म्हणालं नको, तर बहुतेक नाहीच घेणार. पण पन्नास ग्रामसभांचे ठराव हाच एक प्रश्न घेऊन गेले, तर तो सरकारच्या फाइलीत राहतो. उद्या शपथपत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला सही करताना तो ठराव माहीत असेल. आणि कोर्टात आपला वकील तो दाखवून विचारेल, हे तुम्हाला कळवलं होतं, मग तुम्ही काय केलं?

ठरावाचा मसुदा ह्याच अंकात मागच्या पानावर छापला आहे. ग्रामसभेला निम्मी माणसं पाहिजेत आणि त्यात एक तृतीयांश बाया पाहिजेत, नाहीतर ठराव पाडायला पहिलं कारण तेच देतील. सह्या आणि अंगठे ग्रामसभेतच घ्या, घरोघरी फिरून घेऊ नका. तीन प्रती करा. एक राज्यपालांच्या कार्यालयाला पोस्टाने, एक कलेक्टरला पोच घेऊन, एक गावाच्या वहीत चिकटवायची.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्याने फेटाळलेल्या दाव्यांची यादी आणावी. नाव, दाव्याचा नंबर, कारण लेखी मिळालं की नाही, मिळालं तर कोणत्या तारखेला, पाहणीला कोण आलं होतं. ज्यांच्याकडे कागदच नाही त्यांनी तेच लिहावं, "कागद मिळाला नाही", आणि खाली अंगठा. यादी लिहायला बारावीचा पोरगा लागत नाही, सातवीवाली पोरगीही लिहील.

जोहार. जिंदाबाद.